न झाडलेल्या गोळ्यांचीही नोंद हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत १९८९ सालच्या जागतिक घडामोडींवर आलेला लेख आमच्या रामबागेतील वाचनमंडळात मोठ्याने वाचला गेला आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली. लेख परिश्रमपूर्वक लिहिला आहे, छायाचित्रे उत्तम निवडली आहेत आणि आजच्या तरुण वाचकाला त्या वर्षाची ओळख करून देण्याचे काम त्याने चोख केले आहे, याबद्दल लेखकाचे आणि आपले मनापासून अभिनंदन. तरीही आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे एक आक्षेप नोंदवल्यावाचून मला राहवत नाही. पूर्व युरोपातील राजवटी आतून पोखरल्या होत्या, त्यामुळे पिकले पान गळावे तशा त्या एकामागोमाग एक गळून पडल्या, असा लेखाचा एकंदर सूर आहे. हे वाचून सगळे आपोआप आणि अटळपणे घडले असा समज होतो. प्रत्यक्षात त्या वर्षी ठिकठिकाणी हातात बंदूक आणि हुकूम देण्याचा अधिकार असलेल्या माणसांसमोर निःशस्त्र जमाव उभा राहिला होता, आणि पुढे काय घडणार हे त्या माणसांनी तासा-दोन तासांत, कधी काही क्षणांत घेतलेल्या निर्णयावर अवलंबून होते. कुठे गोळी झाडली गेली आणि कुठे झाडली गेली नाही, हा १९८९ चा गाभा आहे, आणि लेखात नेमका तोच सुटला आहे.

४ जून ही तारीखच पाहावी. लेखात ती फक्त चीनच्या संदर्भात येते. त्याच दिवशी पोलंडमध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच, विरोधकांना खरोखर जिंकता येईल अशी निवडणूक झाली. त्यामागे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वॉर्सात चाललेल्या वाटाघाटी होत्या, ज्यांत सरकारचे प्रतिनिधी आणि 'सॉलिडॅरिटी' या कामगार संघटनेचे नेते खरोखरच्या एका गोल टेबलाभोवती बसले होते. ज्या जनरल यारुझेल्स्कींनी १९८१ च्या डिसेंबरात लष्करी कायदा पुकारून याच नेत्यांना कैदेत टाकले होते, त्यांनीच ही चर्चा होऊ दिली. कनिष्ठ सभागृहाच्या ज्या १६१ जागा खुल्या ठेवल्या होत्या त्या सर्वच्या सर्व, आणि वरिष्ठ सभागृहाच्या १०० पैकी ९९ जागा दोन फेऱ्यांअंती 'सॉलिडॅरिटी'ला मिळाल्या. निकाल पाहून सरकारने निवडणूक रद्द केली नाही आणि रणगाडेही बाहेर काढले नाहीत. ऑगस्टमध्ये ताद्योश माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले.

त्याच ४ जूनच्या पहाटेपर्यंत बीजिंगमध्ये लष्कराने आंदोलक विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर गोळ्या झाडल्या, हे आपल्या लेखात आले आहे, पण तिथेही निर्णय घेणारी माणसे होती हे आलेले नाही. १५ एप्रिलला कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस हू याओबांग यांच्या निधनानंतर विद्यार्थी तिआनमेन चौकात जमू लागले, १३ मे रोजी उपोषण सुरू झाले आणि २० मे रोजी लष्करी कायदा लागू झाला. पक्षाचे सरचिटणीस झाओ झियांग यांचा त्याला विरोध होता. आदल्या पहाटे ते चौकात जाऊन उपोषणकर्त्या विद्यार्थ्यांना भेटले होते, आणि त्यानंतर ते सार्वजनिक जीवनात पुन्हा कधी दिसले नाहीत. २००५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले. ३८व्या सैन्याचे प्रमुख जनरल शू छिनशियान यांनी आपले सैन्य घेऊन राजधानीत जाण्यास नकार दिला. त्यांच्यावर लष्करी खटला चालला, तुरुंगवास झाला आणि पक्षातून हकालपट्टी झाली. त्यांची तुकडी दुसऱ्याच्या हुकमाखाली शहरात शिरली. मृतांचा आकडा आजही वादाचा आहे, शेकड्यांपासून हजारांपर्यंतचे अंदाज केले जातात. एका जनरलच्या नकाराने ती रात्र टळली नाही, हे खरे आहे. पण नकार देता येत होता आणि एकाने तो दिला, हे वाचकाला कळलेच पाहिजे असे मला वाटते.

या दोन देशांचे एकाच दिवशी घडलेले दोन इतिहास शेजारी-शेजारी ठेवले, की आर्थिक दुरवस्थेचे कारण अपुरे पडते. पोलंड कर्जाखाली दबला होता, हंगेरीचीही तीच स्थिती होती, पूर्व जर्मनीही पश्चिमेकडून उसनवारी करून दिवस काढत होता, हे सारे लेखात आहे आणि ते बरोबर आहे. राजवट अडचणीत का आली याचे उत्तर कर्जातून मिळते. अडचणीत आलेली राजवट गोळ्या झाडेल की नाही, याचे उत्तर कर्जाच्या आकड्यात सापडत नाही.

हंगेरीच्या सीमेवरचा प्रसंग आपल्या लेखात एका ओळीत उरकला आहे. ऑस्ट्रियाच्या सीमेवरचे विजेच्या संकेतयंत्रणेचे कुंपण जुने झाले होते, त्याची देखभाल परवडेनाशी झाली होती, म्हणून पंतप्रधान मिक्लोश नेमेथ यांच्या सरकारने मे महिन्यात ते काढायला सुरुवात केली. १९ ऑगस्टला शोप्रोन गावाजवळ दोन्ही देशांच्या नागरिकांची एक मैत्रीची सहल आयोजित केली होती, तिच्यासाठी सीमेवरचे एक लाकडी फाटक काही तास उघडण्याचे ठरले होते. आर्पाद बेला नावाचे लेफ्टनंट कर्नल मूठभर शिपायांसह तिथे तैनात होते आणि शिष्टमंडळ येण्याची वाट पाहत होते. प्रत्यक्षात रस्त्यावरून चालत आली ती पूर्व जर्मन कुटुंबे, कडेवर मुले घेतलेली. थांबवण्यासाठी शस्त्र वापरण्याची नियमात तरतूद होती. बेलांनी ते वापरले नाही. माणसे फाटक ढकलून निघून गेली, आणि त्या दिवशी सुमारे ६०० जण पलीकडे पोहोचले. पण म्हणून ती सीमा त्या दिवसापासून सुरक्षित झाली असे नाही. काही दिवसांतच तिथे एका पूर्व जर्मन नागरिकाचा सैनिकाशी झालेल्या झटापटीत गोळी लागून मृत्यू झाला. हंगेरीने पूर्व जर्मनांसाठी सीमा रीतसर उघडली ती ११ सप्टेंबरला.

आता पूर्व जर्मनीतील लाइपझिग शहराविषयी सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी, कारण माझ्या मते त्या वर्षातला सर्वांत मोठा दिवस बर्लिनची भिंत खुली झाली तो ९ नोव्हेंबर नसून ९ ऑक्टोबर आहे आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखच नाही. लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चमध्ये दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना होत असे. १९८९ च्या शरद ऋतूत प्रार्थनेनंतर बाहेर पडणारे लोक मोर्चाने चालू लागले आणि दर सोमवारी त्यांची संख्या वाढत गेली. पूर्व जर्मनीच्या संसदेने जूनमध्येच चीनमधील कारवाईला पाठिंबा देणारा ठराव केला होता, त्यामुळे आपल्याकडेही तसेच होणार अशी धास्ती लोकांच्या मनात होती. ६ ऑक्टोबरला तिथल्या दैनिकात एक पत्र छापून आले. कामगारांच्या सशस्त्र दलातील एका तुकडीप्रमुखाने लिहिलेल्या त्या पत्रात, गरज पडल्यास हातात शस्त्र घेऊन समाजवादाचे रक्षण करू, असा इशारा होता. वृत्तपत्राच्या पत्रव्यवहाराच्या सदराचा असाही उपयोग केला गेला, हे आपल्या सदराच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे म्हणून मुद्दाम नमूद करते.

९ तारखेला सोमवार होता. शहरात पोलीस, लष्कर आणि कामगार दलाच्या तुकड्या आणून ठेवल्या होत्या. रुग्णालयांत जादा रक्ताची सोय केल्याचे लोकांच्या कानावर आले होते. चर्चमध्ये विरोधकांना जागा मिळू नये म्हणून शेकडो पक्षसदस्यांना दुपारपासूनच बाकांवर बसवले होते, आणि त्यांनाही अहिंसेचे प्रवचन ऐकावे लागले. परदेशी पत्रकारांना शहरात मज्जाव होता. संध्याकाळी रस्त्यांवरच्या ध्वनिवर्धकांतून एक निवेदन वाचले गेले. शहराच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट मासुर, एक धर्मशास्त्रज्ञ, एक विनोदी कलाकार आणि पक्षाचे तीन जिल्हा सचिव, अशा सहा जणांनी शांतता राखण्याचे ते आवाहन केले होते. त्या तीन सचिवांनी वरून परवानगी घेतलेली नव्हती. सुमारे ७० हजार लोक शहराच्या वर्तुळाकार रस्त्यावरून चालले, रेल्वे स्थानकावरून गेले, गुप्त पोलिसांच्या कार्यालयासमोरूनही गेले. 'हिंसा नको' ही त्यांची घोषणा होती आणि 'आम्हीच जनता' ही दुसरी. पक्षाचे स्थानिक प्रभारी हेल्मुट हाकेनबर्ग यांनी बर्लिनला पक्षाचे वरिष्ठ नेते एगॉन क्रेन्झ यांच्याकडे दूरध्वनी केला. क्रेन्झ नंतर कळवतो म्हणाले आणि त्यांचा निरोप लवकर आला नाही. समोरचा जमाव अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा होता. हाकेनबर्ग यांनी तुकड्यांना मागे राहण्यास सांगितले. बर्लिनहून उत्तर आले तोवर मोर्चा आपली फेरी जवळजवळ पुरी करत आला होता.

त्या रात्री कुणीही मेले नाही, म्हणून ती बातमी जगाच्या पहिल्या पानावर आली नाही. आली असती का याचीही शंकाच आहे, कारण चित्रण करायलाच बंदी होती. पूर्व बर्लिनहून आलेले झीगबर्ट शेफ्के आणि आराम राडोम्स्की हे दोन तरुण एका चर्चच्या मनोऱ्यावर कॅमेरा घेऊन लपून बसले होते. त्यांची चित्रफीत चोरून पश्चिम बर्लिनला पोहोचवण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. पूर्वेकडच्या घराघरांत ती वाहिनी दिसत असे. राजवटीने गोळी झाडली नाही, हे सगळ्या देशाला एकाच वेळी समजले. नऊ दिवसांनी पूर्व जर्मनीचे सर्वोच्च नेते एरिक होनेकर पायउतार झाले.

९ नोव्हेंबरच्या वर्णनात एक दुरुस्तीही हवी. त्या रात्री भिंत 'पाडण्यात आली' असे लेखात म्हटले आहे. त्या रात्री फाटके उघडली, लोक भिंतीवर चढले, हातोड्यांनी तुकडे काढले. अधिकृतपणे भिंत पाडण्याचे काम सुरू झाले ते १९९० च्या जूनमध्ये. भिंतीचा आकार समजावून सांगणे हेही सोपे नसते. आमच्या शाळेत कापडावर चिकटवलेला, गुंडाळून ठेवायचा जगाचा राजकीय नकाशा होता. त्यात दोन जर्मनींना दोन रंग होते आणि बर्लिनचा ठिपका पूर्व जर्मनीच्या रंगात पार आत होता. मग भिंत दोन जर्मनींच्या मधल्या रेघेवर नव्हती का, असे मुले हमखास विचारत. पश्चिम बर्लिनभोवती चहूबाजूंनी घातलेली सुमारे १५५ किलोमीटरची ती भिंत होती, हे त्या ठिपक्याभोवती बोट फिरवून दाखवावे लागे. नवा नकाशा यायला काही वर्षे गेली, तोवर जुन्याच नकाशावर शिकवले.

त्या भिंतीपाशी २८ वर्षांत किमान १४० माणसांचा बळी गेला. पळून जाताना गोळी लागून मेलेला शेवटचा तरुण क्रिस ग्वेफ्रॉय हा वीस वर्षांचा होता आणि त्याचा मृत्यू याच १९८९ च्या फेब्रुवारीत झाला. त्याला रोखणाऱ्या पहारेकऱ्यांना पदके आणि रोख बक्षीस देण्यात आले होते. नऊ महिन्यांनंतर त्याच सीमेवर बोर्नहोल्मर रस्त्याच्या फाटकावर हाराल्ड येगर नावाचा अधिकारी रात्रपाळीला होता. संध्याकाळच्या पत्रकार परिषदेत पक्षाचे नेते गुंटर शाबोव्स्की यांनी प्रवासाचे नवे नियम 'ताबडतोब, विनाविलंब' लागू झाल्याचे सांगून टाकले होते, आणि येगर यांना त्याबाबत कोणतीही लेखी सूचना नव्हती. हजारो लोक फाटकावर जमले. येगर वरिष्ठांना पुन्हा पुन्हा फोन करत राहिले. अखेर, जे फार आरडाओरडा करतात त्यांना सोडा आणि परत येऊ देऊ नका, असे त्यांना सांगण्यात आले. त्याप्रमाणे काही जणांच्या ओळखपत्रावर, थेट छायाचित्रावरच, शिक्का उमटवून त्यांना बाहेर जाऊ दिले गेले. आपला परतीचा हक्क त्या शिक्क्याने संपला आहे, हे त्या माणसांना ठाऊक नव्हते. एकाला सोडताच गर्दी आणखी रेटू लागली. रात्री साडेअकराच्या सुमारास येगर यांनी स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडायला लावले. ते स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते मुळीच नव्हते. अनेक वर्षे गुप्त पोलीस खात्यात निष्ठेने काम केलेले ते गृहस्थ होते. म्हणूनच हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. माणूस थोर नसला तरी त्या घटकेला योग्य निर्णय घेऊ शकतो, हे मुलांना शिकवताना येगर यांचे उदाहरण मला फार उपयोगी पडले.

या सगळ्यामागे मिखाईल गोर्बाचेव्ह होते, हे लेखातले मत मला मान्य आहे. पूर्व जर्मनीत साडेतीन लाखांच्या आसपास सोव्हिएत सैनिक होते आणि ते छावण्यांतच राहिले. १९५३ मध्ये बर्लिनमध्ये आणि १९५६ मध्ये हंगेरीत ते राहिले नव्हते. पण गोर्बाचेव्हांच्याच राज्यात ९ एप्रिल १९८९ ला जॉर्जियातील त्बिलिसी येथे सैनिकांनी निदर्शकांवर फावडी चालवली, विषारी वायू सोडला आणि सुमारे वीस माणसे मेली, त्यांत बहुतांश स्त्रिया होत्या. तेव्हा मॉस्कोतल्या एका उदार नेत्यामुळे सगळीकडचे हात आपोआप आवरले गेले, असे म्हणता येत नाही. प्रागमध्ये १७ नोव्हेंबरला पोलिसांनी विद्यार्थ्यांना बेदम मारले, मात्र गोळीबार झाला नाही. रुमानियात तो झाला. तिमिशोआरात १७ डिसेंबरपासून झाला, आणि हुकूमशहा चाउशेस्कू व त्यांची पत्नी या दांपत्याला २५ डिसेंबरला गोळ्या घातल्या जाईपर्यंत व त्यानंतरच्या गोंधळात मिळून हजाराहून अधिक माणसे गेली. लेखात सर्वांत मोठे छायाचित्र त्याच दांपत्याचे आहे.

ही चर्चा चालू असताना आमच्या मंडळातील, महूच्या छावणीत बरीच वर्षे काढलेले एक निवृत्त अधिकारी म्हणाले की, आपल्या कायद्यातही जमाव पांगवण्यासाठी दंडाधिकाऱ्याने लष्कराला बोलावले, तर कमीत कमी बळ वापरण्याचे बंधन तुकडीच्या अधिकाऱ्यावर असते आणि ते कमीत कमी म्हणजे किती, हे जागेवरच त्याला ठरवावे लागते. पुस्तकातली तरतूद आणि समोरचा जमाव यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो, असे ते म्हणाले, आणि मला जे मांडायचे होते ते त्यांच्या तोंडून फार नेमकेपणाने आले.

आपल्याकडे तो नोव्हेंबर निवडणुकीचा होता. इंदुरात सुमित्राताई महाजन यांनी माजी केंद्रीय गृहमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांचा पराभव केला होता, घरोघरी त्याचीच चर्चा होती, आणि कराचीत सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर पहिली कसोटी खेळत होता; बर्लिनची बातमी या धामधुमीत आमच्यापर्यंत आली. दिल्लीतले सरकार मतपेटीतून बदलले आणि राजीव गांधी विरोधी बाकांवर जाऊन बसले. पण त्याआधीच्याच महिन्यात बिहारमधील भागलपूरची दंगल सुरू झाली होती, जिच्यात हजाराच्या आसपास माणसे मारली गेली. तिथल्या चंदेरी गावात लष्कराने एका घरात सुरक्षित ठेवलेली माणसे पोलिसांच्या पहाऱ्यावर सोपवली गेली आणि रातोरात त्यांची कत्तल झाली. बंदूक हाती असलेल्याने ती झाडली नाही म्हणजे नेहमीच चांगले केले असे नव्हे, याचे हे भीषण उदाहरण आहे, आणि १९८९ वरच्या मराठी लेखात त्याला दोन ओळी तरी मिळायला हव्या होत्या. लाइपझिगच्या पोलिसांनी निःशस्त्र माणसांना वाट दिली. चंदेरीत पहाऱ्यावरच्यांनी निःशस्त्र माणसांना वाऱ्यावर सोडले. दोन्हींचा हिशेब एकाच प्रश्नावर मांडावा लागतो, तो म्हणजे समोरच्या माणसाच्या जिवाची जबाबदारी त्यांनी घेतली की नाही.

या मालिकेतला पुढचा लेख १९९१ सालावर असेल असे आपण जाहीर केले आहे. त्यात सोव्हिएत संघाचे विघटन हा विषय येणारच. तेव्हा १९ ते २१ ऑगस्टचा मॉस्कोतील गोर्बाचेव्हांविरुद्धच्या बंडाचा प्रसंग केवळ रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन रणगाड्यावर उभे असल्याच्या छायाचित्रापुरता ठेवू नये, अशी नम्र विनंती आहे. संसदभवनावर चढाई करण्याची तयारी ज्या 'अल्फा' या विशेष कमांडो दलाला करायला लावली होती, त्याच्या अधिकाऱ्यांनी ती चढाई करण्यास नकार दिला. त्या रात्री रस्त्यावर तीन तरुण मरण पावले, आणि त्या नकारामुळे ती संख्या तीनवरच थांबली. त्या अधिकाऱ्यांनी आपापसांत काय विचार केला, हुकूम नेमका कोणी आणि कोणत्या शब्दांत दिला होता, याची पुष्कळ माहिती आता उपलब्ध आहे. लेखकाने ती वापरावी आणि जागा कमी पडत असल्यास एखादे छायाचित्र गाळावे. १९८९ च्या लेखातील भिंतीविषयीची दुरुस्तीही त्याच अंकात प्रसिद्ध करावी.

कळावे,
आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
रामबाग, इंदूर